मूळ गावाचा रकाना

अंबाजोगाईत मन्मथअप्पांना चेहऱ्यानं ओळखणारे थोडे आणि आवाजानं ओळखणारे सगळे. रिक्षाच्या टपावर दोन कर्णे, मांडीवर अॅम्प्लिफायर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि हातात माइक, अशा थाटात त्यांनी सत्तावीस वर्षं या गावाला काय काय सांगितलं त्याला गणती नाही. नवा सिनेमा, साड्यांचा सेल, मोफत नेत्रतपासणी, सभेला येणारे पुढारी आणि ऐनवेळी न येणारे पुढारी, नळाला पाणी सुटण्याची वेळ, मोंढ्याच्या बाजारातून हरवलेली पांढऱ्या गोंड्याची म्हैस. म्हैस सापडली की तेही ते गल्लोगल्ली सांगून यायचे आणि त्या फेरीचे पैसे घ्यायचे नाहीत. गावाला अर्धवट बातमीवर ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

आवाज तर होताच, पण त्याहून मोठं भांडवल म्हणजे त्यांची ओळख काढण्याची हातोटी. समोर कोणीही येवो, अप्पांचा पहिला सवाल ठरलेला: गाव कोणतं? दुसरा: कुणाच्यातले? आणि तिसऱ्या सवालाला त्या माणसाचा मावसा नाही तर आतेभाऊ अप्पांच्या ओळखीचा निघायचा. नागपूरहून साबणाच्या प्रचाराला आलेल्या एका साहेबाला त्यांनी चहाचा कप संपायच्या आत परळीत एक नातेवाईक काढून दिला. साहेबाला तो त्याआधी माहीत नव्हता.

मग गावात केबल आली. साड्यांचा सेल टीव्हीच्या तळाशी पट्टीवर सरकायला लागला, सिनेमे घरातच दिसायला लागले, आणि अप्पांची रिक्षा गल्लीत शिरली की बाया खिडकी लावून घ्यायला लागल्या, कारण आतली मालिका ऐकू यायची नाही. दोन हजार साल उजाडेपर्यंत अप्पांकडं काम उरलं होतं ते नळाच्या पाण्याचं. ते मात्र केबलवाल्याला जमत नव्हतं, कारण पाणी यायच्या वेळेला वीज गेलेली असायची.

अशा दिवसांत त्यांची लेक रुद्राणी लातूरहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन घरी आली. एकुलती एक. बोलायला बापासारखीच, फक्त तिला कर्णा लागत नसे. येताना तिनं दोन गोष्टी आणल्या. एक, पुण्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासचं पत्र, की दिवाळीनंतर शिकवायला रुजू व्हा. दुसरी, एक कल्पना.

कल्पना तिच्या आईच्या येसरीची होती. गंगासागरबाईंची येसर म्हणजे आळीतला एक मानबिंदू. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खरपूस भाजायची, धने, जिरे, खोबरं, दगडफूल, मिरची वेगळी भाजायची, सगळं एकत्र दळायचं. मग घरात भाजी नसली, पाहुणा अवेळी आला, डोकं दुखत असलं, तरी उकळत्या पाण्यात दोन चमचे पीठ सोडलं की आमटी तयार. आपल्या भागातून शिकायला, नोकरीला बाहेर पडलेली पोरं पहिल्या महिन्यात आईबापाच्या आठवणीनं रडतात आणि दुसऱ्या महिन्यापासून येसरीच्या, असं रुद्राणीनं लातूरच्या होस्टेलवर डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना इंटरनेटवरून येसर विकायची. पोस्टानं व्हीपीपी पाठवायची, पुडा हातात पडल्यावर पोस्टमनकडं पैसे द्यायचे.

गावात विकायचा प्रश्न नव्हता. गावात येसर विकत आणणं म्हणजे आमच्या घरात चूल नाही असं चौकात उभं राहून सांगण्यासारखं. त्यामुळं गिऱ्हाईक बाहेरचंच शोधणं भाग होतं.

रुद्राणीनं हिशेब साफ मांडला. दिवाळीपर्यंत आठवड्याला पंचवीस पुडे जायला लागले तर ती अंबाजोगाईतच राहणार, न्हाई तर पुणं. तिला रिकामं बसायचं नव्हतं. अप्पांनी मान हलवली. लेक जायला नको, हे मात्र त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, कर्ण्यावरून तर नाहीच. त्यांनी फक्त दोन अॅम्प्लिफायरपैकी एक विकून जुना कॉम्प्युटर घरी आणला.

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट लागायचं तेव्हा डब्यातून किंचाळल्यासारखा आवाज यायचा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा अप्पा जाणकारपणे म्हणाले, "माइक कर्ण्याच्या तोंडापुढं आलाय याचा. जरा बाजूला धर." रुद्राणीनं समजावून सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं, पण त्यानंतर ती इंटरनेट लावायला बसली की ते हळूच टेबलावरचा रेडिओ लांब सरकवून ठेवायचे.

वेबसाइटवर मागणीचा अर्ज होता. नाव, पत्ता, किती पुडे. अप्पांनी तो वाचून घेतला आणि विचारलं, गाव कुठं हाय? रुद्राणी म्हणाली, पत्त्यात आलं की पुणे, मुंबई, हैदराबाद. ते न्हाई, मूळ गाव. आणि गावाकडचं ओळखीचं माणूस. रुद्राणीनं डोक्याला हात लावला. जगात कुठल्याच वेबसाइटवर असलं कोणी विचारत नाही, माणसं अर्ज अर्धवट टाकून पळून जातील, असं तिनं परोपरीनं सांगितलं.

"गाव इचारल्याबिगर माल द्यायचा?" अप्पा म्हणाले. "आपून काय एसटी स्टँडावर शेंगा इकायलोत का?"

शेवटी तह झाला. रकाने टाकायचे, पण भरले तर भरले, न भरले तर न भरले. अप्पांनी तह मोडला. हे रकाने सक्तीचे झाल्याशिवाय आपण प्रचाराला हात लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. रुद्राणीनं दात-ओठ खात रकान्यांपुढं तांबडी फुली टाकली, सक्तीची.

आणि मग अप्पांनी प्रचार हाती घेतला. सत्तावीस वर्षांचं सगळं शास्त्र त्यांनी पणाला लावलं. शहादेव पेंटर हा त्यांचा जुना मित्र. त्याला कापसाच्या जिनिंगच्या लांबलचक भिंतीवर वेबसाइटचा पत्ता रंगवायला सांगितलं. शहादेवनं चुना मारून, गेरूनं, हातभर उंचीच्या अक्षरांत 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू डॉट गंगासागर येसर डॉट' इतकं रंगवलं आणि भिंत संपली. 'कॉम' त्यानं कोपऱ्यावरून वळवून पलीकडच्या भिंतीवर घेतलं. पुढं कित्येक दिवस त्या बोळातल्या लोकांना आपल्या भिंतीवर नुसतं 'कॉम' का लिहिलंय याचा उलगडा होत नव्हता.

केबलवाला म्हणजे खरं तर वैरी, पण अप्पा त्याच्याही दारात गेले, त्याच्या चुलत्याची ओळख काढली आणि महिनाभर पट्टी फुकट चालवून घेतली. मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर नोटीस लावली. तिथं बाहेरगावची पोरं होती आणि मेसची आमटी होती, त्यामुळं नोटिशीत फार लिहावं लागलं नाही. रुद्राणीनं आपल्या बाजूनं बॅचच्या सगळ्या मुलामुलींना ई-मेल टाकले, परदेशातल्या मराठी मंडळांना टाकले. आणि रोज संध्याकाळी पुण्याची गाडी सुटायच्या आधी पाच मिनिटं अप्पा तिच्यात चढायचे, दोन्ही बाजूंच्या बाकांच्या मधल्या वाटेत उभे राहायचे आणि कर्ण्याशिवाय, मोकळ्या आवाजात सांगायचे की पुण्याला ज्यांची लेकरं हायत त्यांनी हा कागद त्यांना द्यावा. कागद वाटून ते उतरले की कंडक्टर मुंजाजी घंटी मारायचा. एकदा गाडी अप्पांना घेऊनच निघाली. केजला उतरून परत यावं लागलं, पण केजपर्यंत एकही प्रवासी कागदाशिवाय उरला नाही.

लोकांना ही भानगड समजावून सांगणं सोपं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ भिंत वाचून घरी आले आणि म्हणाले की ते इंटरनेट स्टँडच्या अलीकडं लागतं का पलीकडं. अप्पांनी त्यांना बसवून घेतलं, चहा दिला, गाव विचारलं, आणि मुंबईतल्या त्यांच्या नातीचा पत्ता लिहून घेतला. ते म्हातारबा म्हणजे त्यांचं पहिलं ऑनलाइन गिऱ्हाईक. रुद्राणीनं ती मागणी इंटरनेटवरून आलीच नाही म्हणून मोजली नाही.

पण मग मोजण्यासारख्याही यायला लागल्या. आठवड्याला तीन, पाच, आठ. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी रुद्राणी मोठ्यानं वाचून दाखवायची आणि अप्पा मान डोलवत ऐकायचे. तिला वाटलं होतं लोक मूळ गावाच्या रकान्यात एक शब्द टाकून मोकळे होतील. लोक तिथं पत्रं लिहीत होते. मूळ गाव धारूर, किल्ल्याकडं जाताना डाव्या हाताला जुनं दुकान, तेच आमचं. मूळ गाव घाटनांदूर, पण आता तिथं कोणी राहत नाही, घराला कुलूप, किल्ली मामाकडं. ओळखीच्या माणसाच्या रकान्यात कोणी मास्तर टाकले, कोणी गुरव टाकला, एकानं बैलाचं नाव टाकलं.

रुद्राणीनं आपल्या हुशारीनं आणखी एक रकाना घातला होता, आमच्याबद्दल कुठून कळलं. त्यातली उत्तरं ऐकून अप्पा विचारात पडले. भिंत वाचली असं कुणीच लिहीत नव्हतं. उत्तर जवळपास एकच यायचं: आईनं फोनवर सांगितलं. आईला कुठून कळलं, तर कधी बसमधल्या कागदावरून, कधी केबलच्या पट्टीवरून, कधी नणंदेकडून, जिनं भिंत वाचली होती. सगळ्या वाटा फिरून आईपाशी येत होत्या.

"पुडा पोरगं मागवायलंय," अप्पा म्हणाले, "पर सांगायली आई. मग आपून आयांनाच का सांगू न्हाई?"

आया कुठल्या गावात आहेत ते अर्जात लिहिलेलंच होतं. सक्तीचा रकाना शेवटी कामाला आला म्हणून अप्पांनी मिशीला हात लावला.

त्यांनी एक कर्णा, उरलेला अॅम्प्लिफायर आणि बॅटरी पिशवीत भरली आणि धारूरची एसटी धरली. त्या दिवशी गाडीवर मुंजाजीच होता, त्यानं कर्ण्याचं लगेज तिकीट फाडलं. ओळख ओळखीच्या जागी, असं तो म्हणाला. धारूरच्या बाजारात एका गाड्यावर उभं राहून अप्पांनी पुकारा केला की याच गावच्या वनमालाबाईंचे चिरंजीव हैदराबादेत मोठ्या कंपनीत आहेत आणि तिथंही ते आपल्या मातीची येसर मागवून खातात. वनमालाबाई बाजारातच होत्या. पुढचा तासभर त्या भाजी घ्यायच्या विसरून अभिनंदन स्वीकारत उभ्या होत्या. धारूरमध्ये आपला मुलगाही कुठं कमी नाही असं वाटणाऱ्या आया भरपूर निघाल्या. त्या आठवड्यात एकट्या धारूरच्या पोरांच्या सहा मागण्या आल्या. एकूण आकडा सोळावर गेला. दिवाळीला दीड महिना होता. रुद्राणीनं बापाला चहा करून दिला, मागितल्याशिवाय. त्या घरात ही बातमी होती.

पण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नेकनूरचं होतं. भारत राधाकिशन, मुक्काम पुणे, इंजिनियर. दर महिन्याला चार पुडे स्वतःला आणि त्याच्या शब्दावर कंपनीतल्या सात-आठ जणांच्या मागण्या वेगळ्या. अप्पा त्याच्या अर्जावर मात्र नाराज होते. गावाकडचं ओळखीचं माणूस या रकान्यात त्यानं दर वेळी एकच लिहिलं होतं: कोणी नाही.

नेकनूरसारख्या गावात माणसाचं कोणी नाही, हे अप्पांच्या डोक्यात शिरेना. आणि राधाकिशन म्हणजे कोण? पॅनलप्रमुख राधाकिशनराव. तीन वर्षांमागं त्यांच्याच ग्रामपंचायतीच्या प्रचाराला अप्पा आठ दिवस नेकनूरला राहिले होते, त्यांच्याच ओट्यावर जेवले होते. पोराला घाई असेल, टाकलं असेल काहीतरी. एवढ्या मोठ्या बापाच्या लेकाचा अर्ज असा उघडाबोडका राहू नये म्हणून अप्पांनी तो दुरुस्त करायचं ठरवलं, आपल्या पद्धतीनं.

बाजाराच्या दिवशी नेकनूरच्या चौकात त्यांनी कर्णा बांधला. आवाज लागला होता. नेकनूरकर मंडळी, लक्ष द्या. आपले नेते राधाकिशनराव यांचे सुपुत्र इंजिनियर भारतराव पुण्यासारख्या शहरात राहूनही दर महिन्याला एक नव्हे, दोन नव्हे, चार पुडे येसर मागवतात.

एरवी अशा वाक्यानंतर बाजारात कौतुकाची कुजबुज उठायची. इथं तराजू थांबले. मेथीची जुडी हातात धरून माणसं अप्पांकडं बघायला लागली. एकानं जवळ येऊन बटण बंद केलं आणि त्यांना रसवंतीच्या मागं नेऊन खरी गोष्ट सांगितली.

त्याच निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी भारत पुण्याहून आला होता. पारावर लोकांनी सहज विचारलं, साहेब, तुमचं काय मत? आणि हा शिकलेला मुलगा खरं बोलला. पाण्याच्या टाकीची योजना समोरच्या पॅनलची जास्त बरी आहे, असं तो म्हणाला. बापाचं पॅनल चार मतांनी पडलं. त्या दिवसापासून राधाकिशनरावांच्या घरात भारतचं नाव निघत नव्हतं, आणि भारतनंही गावाला येणं सोडलं होतं. निकालाच्या दिवशी अप्पा दुसऱ्या गावी नेत्रशिबिराचा पुकारा करत होते, म्हणून सगळ्या जिल्ह्याची खबर ठेवणाऱ्या माणसाला एवढीच खबर नव्हती.

अप्पांनी कर्णा उतरवला. परतीच्या गाडीत मुंजाजीनं लगेज तिकीट फाडलं नाही, इतका त्यांचा चेहरा उतरला होता.

तिसऱ्या दिवशी भारतचा ई-मेल आला. गावातल्या कुणीतरी त्याला फोन केला होता. त्यानं लिहिलं होतं की आपलं नाव यादीतून काढावं, पुडा पाठवू नये, आणि आपण काय खातो याची जाहिरात चौकात करणाऱ्यांशी आपल्याला व्यवहार ठेवायचा नाही. त्या आठवड्यात कंपनीतल्या सात-आठ जणांच्या मागण्या बंद झाल्या. सोळाचे सात झाले.

रुद्राणी ओरडली नाही. ओरडली असती तर अप्पांना बरं वाटलं असतं. ती मोंढ्याकडं गेली आणि एक तांबडी सुटकेस घेऊन आली. ती कॉटवर उघडून ठेवताना एवढंच म्हणाली, "अप्पा, त्यानं ते रकान्यात आपल्याला सांगितलं होतं. गावाला न्हाई."

दोन दिवस नळाच्या पाण्याचा पुकाराही अप्पांनी खालच्या पट्टीत केला, त्यामुळं खालच्या आळीनं हंडे वेळेवर भरले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशी उलटलेली, डोक्यावरून पदर, काखेत फडक्यात बांधलेला पितळी डबा. शरणार्थ, असा नमस्कार करून अप्पांनी आत बोलावलं आणि सवयीनं गाव विचारलं. नेकनूर, ती म्हणाली. पुढचा सवाल अप्पांनी टाळला, तरी उत्तर आलं. मी छबुबाई, भारतची आई.

अप्पा उठून उभे राहिले. जे काय ऐकावं लागेल ते उभं राहून ऐकावं असं त्यांना वाटलं असावं. छबुबाईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी गंगासागरबाईंना येसर दाखवायला सांगितली. तळहातावर चिमूट घेतली, वास घेतला, जिभेला लावली आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या. गंगासागरबाई आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेला बसल्यासारख्या समोर बसून होत्या.

"चांगली हाय," छबुबाई म्हणाल्या. "पर त्याची न्हाई. आमच्यात कारळं भाजून पडतंय."

त्यांनी फडकं सोडलं. डब्यातली येसर रंगानं जरा काळपट होती आणि डबा उघडताच खोलीभर कारळ्याचा खरपूस वास पसरला.

"तुमच्या पुड्यात ही भरा अन् धाडा त्याला," त्या म्हणाल्या.

अप्पांनी चाचरत सांगितलं की त्यानं पुडे बंद केलेत, चूक आमची आहे, सगळ्या बाजारात आम्हीच...

"तुमी बोंब मारली ते बरं झालं," छबुबाईंनी त्यांना मधेच तोडलं. "तीन वरसं मला वाटायलतं, पोरगं समदं इसरलं. चार पुडे खायलंय महिन्याला. मला कुणी सांगितलं होतं का?"

मग त्यांनी अट घातली. येसर कुणी दिली हे कळवायचं नाही. मालकांनी शब्द घेतला आहे की पोराला निरोप धाडायचा नाही, आणि त्यांनी तो आजवर पाळला आहे.

"येसर म्हंजे काय निरोप न्हाई," छबुबाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच अप्पांकडं वळून म्हणाल्या, "अख्ख्या बाजाराला सांगितलंत, आता एवढं एक पोटात ठिवा."

गंगासागरबाईंनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. येसरीचीच आमटी होती. छबुबाईंनी दोनदा घेतली, पण दोन्ही वेळा धने जरा जास्त झालेत असं सांगायला विसरल्या नाहीत.

पुडा गेला. व्हीपीपी नाही, साधं पार्सल. आत रुद्राणीच्या अक्षरात माफीची चिठ्ठी: झालेली चूक आमची, हा पुडा आमच्याकडून. अप्पांना चिठ्ठीत आणखी एक ओळ घालायची होती, पण तिनं पाकीट आधीच चिकटवलं.

आणि मग अप्पांच्या आयुष्यातले सगळ्यात अवघड दिवस सुरू झाले. सत्तावीस वर्षांत पोटात बातमी ठेवायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. शहादेवशी बोलताना ते मधेच थांबायचे. संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीत कागद वाटताना नुसतेच वाटायचे. मुंजाजीनं विचारलं, अप्पा, घसा बसलाय का? अप्पांनी हो म्हणून सांगितलं, आणि ते खोटं वाटू नये म्हणून खडीसाखर घेऊन त्याच्यासमोर खाल्ली. सुटकेस कॉटवर उघडीच होती. तिच्यात रोज एखादी घडी वाढत होती.

बाराव्या दिवशी ई-मेल आला. रुद्राणीनं वाचला, मग अप्पांना हाक मारून पुन्हा मोठ्यानं वाचला. पुडा मिळाला. मी मागवला नव्हता. परत पाठवणार होतो, पण घरात भाजी नव्हती म्हणून आमटी केली. एकच विचारायचं आहे. यात कारळं कोणी घातलं?

गंगासागरबाई भाजणीची कढई तशीच ठेवून बाहेर आल्या. रुद्राणीची बोटं अक्षरांवर थांबली होती. ती म्हणाली, सांगून टाकू या अप्पा, त्याला कळलंच आहे. अप्पा येरझाऱ्या घालायला लागले. सांगावं तर बाईला दिलेला शब्द जातो. न सांगावं तर पोरगं तिकडं वाट बघत बसतं. गावाला अर्धवट बातमीवर ठेवायचं नाही हे तत्त्व आणि पोटात ठेवा ही अट, दोन्ही त्यांच्या गळ्यात एकदमच अडकली. असे ते अंगणातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून अंगणात चार वेळा गेले. पाचव्या वेळी कॉम्प्युटरसमोर थांबले, घसा साफ केला आणि पुकाऱ्याच्या आवाजात सांगितलं, "लिही. सदर प्रश्नाची चौकशी मूळ गावी करावी."

रुद्राणीनं लिहिलं. पाठवलं. मग बापाकडं बघून ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

त्यावर उत्तर आलं नाही. चार दिवस नाही, आठ दिवस नाही. दिवाळी तोंडावर आली, सुटकेस भरत आली. आणि वसुबारसेच्या दिवशी स्टँडावर मुंजाजीनं अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की सकाळी नेकनूरला पुण्याचा एक माणूस उतरला, दोन पिशव्या घेऊन. राधाकिशनराव स्टँडावरच होते. तसे ते पेपर घ्यायला आले होते, पण पेपर त्यांनी घेतला नाही, पिशवी घेतली. दोघं घराकडं चालत गेले, आणि वाटेत नव्या पाण्याच्या टाकीपाशी भारत जरा थांबला तर राधाकिशनराव म्हणाले, चल की, गळतीय ती.

अप्पांनी हे घरी येऊन सांगितलं, फक्त घरात, आणि हळू आवाजात.

भाऊबीज झाल्यावर भारतचा मोठा ई-मेल आला. त्यात माफी नव्हती, कौतुकही नव्हतं, नुसती मागणी होती. त्याचे सहा पुडे, कंपनीतल्या अकरा जणांचे मिळून पंचवीस, आणि खाली एक प्रश्न. बाकीचे विचारतात, आम्हालाही आमच्याच गावच्या हातची मिळेल का? एक परळीचा आहे, त्यांच्यात तीळ पडतात. एक गेवराईचा आहे, तो म्हणतो आमच्यात कारळं चालत नाही, आणि मिरची भाजून नको, तळून हवी.

रुद्राणीनं ते दोनदा वाचलं. मग अप्पांना विचारलं की परळीत येसर करणारी चांगली बाई कोण, आणि गेवराईत? अप्पा खुर्चीत नीट बसले. परळीत बायनाबाई, देवळाच्या पायरीला लागून घर. गेवराईत साखराबाई, पण ती रागीट हाय, आधी तिच्या भावाकडून जावं लागेल. धारूरला वनमालाबाईंना सांगायचीही गरज नव्हती, त्या निरोप येण्याची वाटच बघत होत्या. पुढचा तासभर ते बोलत होते आणि ती लिहून घेत होती. गावाचं नाव, बाईचं नाव, काय पडतं, काय पडत नाही, आणि कुणाच्या ओळखीनं जायचं.

पुण्याच्या क्लासला तिनं न येण्याचं पत्र पाठवलं. मग अर्ज उघडला. अप्पांना वाटलं आता ती सक्ती काढणार, आणि नेकनूरच्या प्रकारानंतर त्यांना त्यावर बोलायला तोंड नव्हतं. तिनं सक्ती काढली नाही. मूळ गावाच्या खाली तिनं आणखी एक रकाना घातला, आईच्या हातची असते तशी सांगा, काय पडतं. त्याच्यापुढं तांबडी फुली टाकली. आणि सगळ्यात खाली, अप्पांकडं न बघता, बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली: तुमची माहिती आम्ही चौकात सांगत नाही.

तांबडी सुटकेस वाया गेली नाही. चाकं होती, कुलूप होतं, त्यामुळं पोस्टात पुडे न्यायला बरी पडली. दर सोमवारी आणि गुरुवारी अप्पा ती ओढत मोंढ्यातून पोस्टाकडं जायचे. कुणी विचारलं, काय अप्पा, कुणाचे पुडे एवढे, तर ते म्हणायचे, "नळाला उद्या सात वाजता पाणी येनारंय," आणि पुढं निघायचे.